चरबी किती, त्याहून ती कुठे

शरीरात चरबी साठण्याच्या जागा मुख्यतः दोन. एक कातडीखाली, विशेषतः मांड्या, नितंब आणि दंडांवर. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती. मार्सेयचे डॉक्टर झाँ वाग यांनी 1947 मध्येच दाखवून दिले की लठ्ठपणा सगळा एकजात नसतो: पोटाकडे साठलेली चरबी मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेते, मांड्यांवरची सहसा नेत नाही.

मांड्यांवरची चरबी सावकाश सुटते. जेवणानंतर रक्तात आलेली जादा चरबी ती सामावून घेते, आणि एका अर्थी शरीराचे रक्षणच करते. ही कोठारे अपुरी पडली की चरबी पोटात आणि यकृतात शिरते. आतड्यांभोवतीची चरबी चटकन विरघळते, आणि तिथले रक्त थेट यकृताकडे जाते. यकृतात चरबी साचली की ते इन्सुलिनला जुमानत नाही. रक्तात साखर सोडतच राहते. ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगले कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाबही चढतो. पाळी जाईपर्यंत स्त्रियांची चरबी बहुधा मांड्यांकडे वळते. पुढे ती पोटाकडे सरकते आणि हे संरक्षण ओसरते.

भारतीयांच्या बाबतीत वजनकाटा विशेष फसवा ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! याची मुळे जन्माआधीची आहेत. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले, इंग्लंडमधल्या बाळांचे 3.5 किलो. या हडकुळ्या बाळांचे स्नायू कमी होते, पण पाठीवरची चरबी त्या मानाने टिकून होती. आईच्या पोषणाचा प्रश्न असा थेट मधुमेहाशी येऊन भिडतो, आणि त्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

वजन बेताचे असूनही चरबी जास्त असू शकते, म्हणून भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर अशी कडक ठेवली आहे. पँटचा नंबर म्हणजे हा घेर नव्हे. सुटलेल्या पोटाखाली पट्टा बांधला की नंबर तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता टेप लावावा.

पोटातली ही चरबी जितकी घातक, तितकीच लवकर हलणारीही आहे. रोजच्या भरभर चालण्याने वजनाचा आकडा हलला नाही, तरी ती कमी होऊ शकते. काट्यावर हा फरक दिसत नाही, टेपवर दिसतो.