नोटेतली चिप आणि बंद झालेली बँक

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण, थोडे आटोपशीर करून)



आज कापूस आणि सोयाबीनच्या भावावर बोलायचे ठरले होते. ते बोलूच. पण त्याआधी दुसरा एक विषय घ्यावा लागतो आहे. गेल्या काही बैठकांत आम्ही पाहतो आहोत, भावाचा विषय निघाला की पाच मिनिटांत कोणीतरी खिशातून मोबाईल काढतो आणि म्हणतो, "साहेब, हे सगळं वरवरचं आहे. खरी गोष्ट वेगळीच आहे, हे बघा." मग तो मोबाईल या हातातून त्या हातात फिरतो. कोणी परदेशी कट सांगतो, कोणी अमक्या धर्माचा, कोणी तमक्या उद्योगपतीचा. बैठक संपते आणि भावाचा विषय तिथेच राहतो.

असे मेसेज खरे मानणारी माणसे अडाणी आहेत, असे शहरातली शहाणी मंडळी म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. पाऊणशे एकरांचा हिशेब तोंडी ठेवणारा माणूस अडाणी नसतो. मग तो असल्या गोष्टींवर विश्वास का ठेवतो? आपण सगळ्यांनी अनुभवलेलेच एक उदाहरण घेऊ.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. सोयाबीन घरात आलेले, कापसाची वेचणी चालू, रब्बीची पेरणी तोंडावर. मजुराला द्यायला सुटे पैसे नाहीत, व्यापारी चेकवर माल मागतो. दोन दिवसांनी दोन हजारांची गुलाबी नोट आली आणि तिच्यासोबतच मोबाईलवर बातमी आली की या नोटेत चिप आहे. नोट कुठेही दडवा, उपग्रहाला तिचा पत्ता लागतो. जमिनीत १२० मीटर खोल पुरली तरी लागतो! काही हिंदी वाहिन्यांनीही हे चित्रे काढून दाखवले.

१२० मीटर म्हणजे चारशे फूट. आपल्या बोअरची खोली. अहो, मोटर काढायला पन्नास फूट विहिरीत उतरलेल्या माणसाच्या मोबाईलची रेंज जाते. त्या मोबाईलला मोठी बॅटरी असते, टॉवर दोन किलोमीटरवर असतो. इथे कागदाच्या नोटेत बॅटरीशिवायची चिप चारशे फूट मातीखालून आभाळातल्या उपग्रहाशी बोलणार! टोलनाक्यावर फास्टॅग वाचायलासुद्धा गाडी यंत्राजवळ आणावी लागते. विहिरीत उतरलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हा हिशेब करता आला असता. पण केला नाही. रिझर्व्ह बँकेने नव्या नोटेची वैशिष्ट्ये छापून दिली, त्यात चिपचे नाव नव्हते. त्यावर आमच्याच एका कार्यकर्त्याने काय सांगावे? "ते कसं छापतील? गुप्त आहे ना!" हे उत्तर लक्षात ठेवा. पुरावा नसणे हाच ज्याचा पुरावा, त्या गोष्टीला हरवता येत नाही.

आता त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी जुन्या नोटा बदलून द्यायच्या नाहीत आणि खात्यावर भरूनही घ्यायच्या नाहीत. राष्ट्रीयीकृत बँकेला मुभा, खाजगी बँकेला मुभा, आणि शेतकऱ्याचे खाते, पीककर्ज, सोसायटी सगळे जिच्याशी बांधलेले, ती बँक बंद. चार दिवसांत तिथे ज्या नोटा जमा झाल्या होत्या त्या बँकांच्या तिजोरीत जून २०१७ पर्यंत पडून राहिल्या. हा आदेश चोरून काढला नव्हता. छापील होता, त्यावर तारीख होती, सही होती. आम्ही त्या दिवसांत गावोगाव फिरत होतो. दहा गावांत विचारले तर चिपची गोष्ट दहाही गावांना माहीत होती. जिल्हा बँक कोणत्या आदेशाने बंद झाली हे दोन गावांत सांगता आले, तेही सोसायटीच्या सचिवाला. बाकीचे म्हणत, "बँकेतच पैसे नाहीत."

असे का झाले, यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे.

एक तर चिपच्या गोष्टीत न्याय होता. रांगेत उभा असलेला माणूस दमलेला होता. त्याला ती गोष्ट सांगत होती की तुझे हाल फुकट जात नाहीत. ज्याने पोती भरून पैसा पुरला आहे त्याच्या घरावर आता उपग्रहाची नजर आहे. असे झाले तर कोणाला नको आहे? १४ नोव्हेंबरचा आदेश त्याला काय सांगत होता? की या सगळ्या कारभारात तू कोणाच्या लक्षातही नव्हतास. माणूस पहिली गोष्ट धरतो. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितले की रद्द केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. पण तोपर्यंत चिप विसरली गेली होती आणि तिची जागा दुसऱ्या मेसेजने घेतली होती.

दुसरे कारण जुने आहे. कॅनॉलखालचा शेतकरी पावशाच्या ओरडण्याकडे कान लावून बसत नाही, कोरडवाहूवाला बसतो. ज्याच्या हातात काही नाही तो खुणा शोधतो. २००८ साली व्हिटसन आणि गॅलिन्स्की या दोन अमेरिकी संशोधकांनी प्रयोग करून हेच मांडले. काही माणसांना आधी असे वाटायला लावले की आपल्या हातात काही नाही, मग त्यांना ठिपक्या-ठिपक्यांची चित्रे दाखवली. ज्या चित्रांत काहीच नव्हते तिथेही या माणसांना आकृत्या दिसल्या, इतरांपेक्षा जास्त. आता आपल्याकडे बघा. ७ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी अधिसूचना निघाली, दुसऱ्या दिवशी नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. आदल्या दिवशी कोणी विचारले? कोणी कळवले? असे ज्याच्या बाबतीत पुन्हा पुन्हा होते त्याला पडद्यामागे कोणीतरी बसले आहे असे वाटले, तर तो चुकला म्हणता येईल, पण वेडा म्हणता येणार नाही.

संशयाला इतिहासही असतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारने माणसांना घरातून उचलून रुग्णालयात न्यायला सुरुवात केली. लोकांत बोलवा उठली की रुग्णालयात माणसे मारतात आणि त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. मोमियाई खोटी होती. पण घरात शिरणारे शिपाई खरे होते आणि रुग्णालयातून फारशी माणसे परत येत नव्हती हेही खरे होते. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. ज्या गावाने तो काळ पाहिला त्या गावात पुढे कोणत्याही सुईला "ही नसबंदीची तर नाही?" असे विचारले गेले, यात नवल काय?

म्हणजे खोटी गोष्ट खऱ्या जखमेवर वाढते. जखम खरी म्हणून गोष्टही खरी, असा माणसाचा समज होतो. इथेच फसगत आहे.

फसगत केवढी महाग पडते याचे उदाहरण २०२० च्या तीन कृषी कायद्यांचे. त्या कायद्यांबद्दल शेतकऱ्यांतच दोन मते होती, आज तो वाद काढायचा नाही. मोबाईलवर काय चालले होते तेवढे बघू. एका बाजूने मेसेज फिरत होते की दिल्लीच्या सीमेवर बसलेले शेतकरीच नाहीत, सगळे खलिस्तानी आहेत, परदेशी पैशावर आलेले. थंडीत पोराबाळांसह ट्रॉलीत झोपणारा गव्हाचा शेतकरी एका रात्रीत देशद्रोही झाला. दुसऱ्या बाजूने मेसेज होते की तुमच्या जमिनी उद्योगपतींच्या नावावर होणार. त्या रागात डिसेंबर २०२० मध्ये पंजाबात दीड हजारांहून जास्त मोबाईल टॉवरांचे नुकसान झाले, कुठे वीज तोडली, कुठे केबल. शाळा बंद होत्या, त्या टॉवरवर शेतकऱ्यांचीच पोरे शिकत होती.

करार शेतीच्या कायद्यात काय लिहिले होते? शेतकऱ्याच्या जमिनीची विक्री, भाडेपट्टा, गहाण यासाठी करार करता येणार नाही, असे स्पष्ट कलम होते. म्हणजे जमीन जाण्याची भीती कायद्याच्या मजकुरात नव्हती. पण त्याच कायद्यात दुसरे कलम होते की कराराचा वाद झाला तर दिवाणी न्यायालयात जाता येणार नाही, प्रांताकडे जायचे. प्रांताच्या कचेरीत साध्या रस्त्याच्या वादाला किती वर्षे लागतात हे या मांडवात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भांडायला जागा होती ती इथे. किती सभांत या कलमावर चर्चा झाली? समर्थकांनी ते वाचले नाही आणि विरोधकांतल्या थोड्यांनीच वाचले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे गेले, कलमे न वाचताच गेली.

आता आमची स्वतःची कबुली देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हे व्यासपीठावरून उपदेश करतात. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा फिरली. पशुसंवर्धन खाते सांगत राहिले की असे काही नाही, कोणी ऐकले नाही. जिवंत पक्ष्याचा भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेला. पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले, खड्ड्यात पुरले. मक्याची आणि सोयापेंडीची मागणी पडली. ती अफवा पुढे ढकलणाऱ्यांत आपलेच भाचे-पुतणे होते, ज्यांच्या घरचा मका विकायचा होता तेही होते. आणि आम्ही काय केले? दोन सभांत ठोकून दिले की ही अफवा मोठ्या कंपन्यांनी छोटा पोल्ट्रीवाला संपवण्यासाठी उठवली आहे. टाळ्या पडल्या. सभेनंतर एका पोल्ट्रीवाल्या भावाने बाजूला घेऊन विचारले, "साहेब, मी ज्या कंपनीचे पक्षी वाढवतो ती पण बुडायला आलीय. मग ती स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडेल?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पुरावा तर नव्हताच. आम्हाला राग आला होता आणि रागाला एक माणूस हवा होता. एवढेच.

मोबाईलने यात भर काय घातली? पारावरची अफवा वेशीपर्यंत जायला दिवस लागायचा, आणि सांगणाऱ्याचे तोंड दिसायचे. आता मेसेज कोणी रचला ते कळत नाही, दिसतो तो पाठवणारा. तो असतो मेव्हणा, सोसायटीचा संचालक, पोराचे सर. त्याला "खोटे आहे" म्हणायचे म्हणजे संबंध तुटायचे. पुढे पाठवायला मात्र एक बोट लागते आणि चुकले तर दंड नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१८ साली ट्विटरवरच्या सव्वा लाखाच्या आसपास बातम्या तपासल्या. खोटी बातमी खऱ्यापेक्षा लांब आणि लवकर जाते, राजकारणाची सगळ्यात लवकर, आणि ती पळवणारी बहुतांशी माणसेच असतात, यंत्रे नव्हेत, असे त्यांना आढळले. याच २०१८ सालच्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. डवरी गोसावी समाजाची माणसे होती ती. आठवडे बाजारात आली होती. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसे गेल्यावर पाच.

कोणी विचारेल, मग कट नसतातच का? असतात. पाकिस्तानात ॲबटाबादला ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा काढायला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने २०११ मध्ये लसीकरणाची खोटी मोहीम चालवली होती. ती उघड झाली, कारण त्यातल्या डॉक्टराचे नाव आले, अटक झाली, वार्ताहरांनी छडा लावला. खऱ्या कटाला नाव, गाव, तारीख आज ना उद्या लागते. पण शेतकऱ्याला लुटायला कट करावाच लागत नाही, हे आम्ही सांगत आलो आहोत. निर्यातबंदी छापून येते. २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे सेबीने बंद केले, तेही छापून आले. ज्यांनी कांद्याची बंदी केली त्यांनी ४ मे २०२४ ला ती उठवून टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावले, तोही कागद आहे. हे सगळे उघड्यावर चालते, आणि आपण मोबाईलमध्ये डोके घालून गुप्त काय आहे ते शोधतो. सरकारला याहून सोयीचे काय?

तेव्हा तालुका शाखांनी एवढे करावे. बैठकीच्या सुरुवातीला त्या महिन्यात निघालेला आपल्या मालासंबंधीचा आदेश एकाने मोठ्याने वाचावा, मराठीत समजावून सांगावा. इंग्रजी वाचता येत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या पोरीला बसवा, ती सांगेल. मग कोणाकडे मेसेज असेल तर तोही जरूर वाचावा, कोणाला हसायचे नाही. फक्त विचारायचे, दादा, आदेशाचा क्रमांक काय, तारीख काय, हे खोटे ठरायचे असेल तर काय दिसायला हवे? उत्तर नसेल तर मेसेज तिथेच ठेवायचा.

आता सोयाबीनकडे वळू. सात मालांच्या वायदेबंदीचा कागद आम्ही आणला आहे, प्रती मागच्या रांगेपर्यंत पोहोचू द्या.