पोरगी मॅनेजमेंट शिकून करणार काय?

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "पोरगी बी.कॉम. झाली, आता एम.बी.ए. करते म्हणतीय. एवढा खर्च करून पुढं काय?" आज आपण त्यावरच बोलू.

व्यवस्थापन हा शब्द जड आहे, पण काम आपल्या ओळखीचं आहे. हप्ते गोळा करणं, कर्ज आधी कुणाला द्यायचं ते ठरवणं, थकबाकी गोडीगुलाबीनं वसूल करणं, हे व्यवस्थापनच. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत महिला बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा बऱ्याच सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब विचारा, तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

म्हणजे अक्कल आपल्याकडं होतीच, अडलं होतं कागदावर. आपल्या पोरींचंही तसंच आहे. शिवाय ताळेबंद वाचणं, मालाची किंमत काढणं, बाजारपेठ शोधणं, हे नीट शिकावंच लागतं.

सातारा-सांगलीतली बहुतेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. एम.बी.ए. दोन वर्षांचं असतं. कुठल्याही शाखेची पदवी चालते. मात्र पदवीला ५० टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गाला ४५, आणि सीईटी द्यावी लागते. बारावीनंतर बी.बी.ए. करता येतं. त्यालाही २०२४ पासून सीईटी आहे.

नोकरी कुठं? सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, दूध संघ, तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, सातारा आणि कुपवाडची एमआयडीसी. केंद्र सरकारनं २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारायची योजना आणली. अशा संस्थांनाही कारभार बघणारं शिकलेलं माणूस लागतं. पण खरं सांगायचं तर पास झाल्या झाल्या केबिन मिळत नाही. सुरुवातीला पगार बेताचा आणि फिरती फार. दोन-तीन वर्षं टिकली, तर पुढची दारं उघडतात.

पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. कॉलेजला एआयसीटीईची मान्यता आहे का? प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून आहे का? आणि गेल्या वर्षीच्या मुली कुठं नोकरीला लागल्या? दोन मुलींशी स्वतः बोला. नुसत्या फलकावरच्या फोटोंवर जाऊ नका.

केंद्रीय फेरीचं महत्त्व मोठं आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिकदृष्ट्या मागास, ओबीसी आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, की ही सवलत गेली. म्हणून "सीईटीची कटकट नको, मी सीट देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच वाटेला लावा. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च मात्र आपला, तो आधीच धरून ठेवा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखलाही वेळेत काढा.

मैत्रिणींनो, गटात लग्नासाठी कर्जाचा ठराव एका बैठकीत होतो. पोरीच्या शिक्षणाचा अर्ज आला, की तोही त्याच बैठकीत मंजूर करूया.