नव्या भिंतींची रीत



घर बांधताना आपण फरशीसाठी चार दुकाने हिंडतो, रंगाच्या छटा उजेडात धरून पाहतो. भिंत कशाची आहे आणि ती कोणत्या रीतीने उभी राहतेय, हे मात्र फार थोडे जण विचारतात. गेल्या काही वर्षांत आपल्या भिंती आणि छत आतून बदलले आहेत. लाल विटेच्या जागी राखाडी ब्लॉक आले, वाळू-सिमेंटच्या गिलाव्याच्या जागी जिप्सम आले, स्लॅबखाली दुसरे छत आले. हे साहित्य चांगले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण प्रत्येक साहित्याची वापरायची एक रीत असते. साहित्य बाजारात विकत मिळते. रीत शिकावी लागते.

सुरुवात वजनापासून करू. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. त्या भागातल्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती होत्या आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. ते माळवद उन्हाळ्यात घर गार ठेवत असे. पावसाळ्याआधी त्यावर मातीचा नवा थर पडे आणि भार वाढत जाई. भूकंपात तोच भार अंगावर कोसळला. इमारत जितकी जड, तितका धक्क्याचा जोर अधिक. म्हणजे घर गारही हवे आणि हलकेही हवे, ही आपली खरीखुरी गरज आहे.

तो राखाडी ब्लॉक, म्हणजे एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट) ब्लॉक, या गरजेला बऱ्याच अंशी उत्तर देतो. 1920 च्या दशकात स्वीडनमध्ये योहान आक्सेल एरिक्सन यांनी तो बनवण्याची पद्धत शोधली. आपल्याकडे त्यात वाळूऐवजी बहुधा औष्णिक वीजकेंद्रांतली राख वापरतात. चंद्रपूर, कोराडी, परळी इथे कोळसा जळतो आणि राखेचे डोंगर उभे राहतात. त्या राखेला इथे चांगली वाट मिळते. राख, सिमेंट, चुना आणि थोडे जिप्सम यांच्या पातळ मिश्रणात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड पडली, की हायड्रोजन वायू सुटतो आणि आंबवलेल्या पिठासारखे ते मिश्रण फुगून वर येते. मग तारेने त्याचे ठोकळे कापतात आणि बंद भट्टीत दाबाखालच्या वाफेवर कित्येक तास पक्के करतात.

हिशेब पाहा. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच आणि सहा इंच जाड भिंत विटेची असेल, तर तिचे वजन अडीच टनांच्या आसपास जाते. तीच भिंत एएसी ब्लॉकची असेल, तर साडेआठशे-नऊशे किलो. शिवाय ब्लॉकमधल्या हवेच्या बारीक पोकळ्यांमुळे त्यातून उष्णता विटेच्या तुलनेत बरीच कमी आत येते. विदर्भातल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला याचा फरक पडतो.

आता साइटवर जाऊ. गवंड्याचा हात विटेवर बसलेला असतो. वीट पाण्यात भिजत घालायची, अर्ध्या इंचाचा माल टाकायचा, रचायची. ब्लॉकलाही तो तसेच वागवतो. पण ब्लॉक पाणी धरून ठेवतो आणि नंतर सुकताना आकसतो. मग कॉलमलगत उभी आणि बीमखाली आडवी चीर पडते आणि आपण म्हणतो, ब्लॉक वाईट. खरी रीत वेगळी आहे. ब्लॉक भिजवायचा नाही, फक्त पृष्ठभाग ओलसर करायचा. खास चिकट माल तीन-चार मिलिमीटरचाच लावायचा. भिंत एका दिवसात छताला भिडवायची नाही. ब्लॉक आणि काँक्रीट जिथे भेटतात, तिथे गिलाव्याआधी जाळी मारायची. जड कपाट टांगायचे असेल, तर ब्लॉकसाठीचेच प्लग वापरायचे.

गिलाव्याचीही तीच गोष्ट. जिप्सम हा खनिज दगड सुमारे दीडशे अंशांवर तापवला, की त्यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि पूड होते. त्या पुडीत पाणी घातले, की ती पुन्हा दगडासारखी घट्ट होते. सिमेंटच्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारावे लागते. जिप्समला मारावे लागत नाही. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात हा फायदा मोठा आहे. आगीतही जिप्सम आपल्यातले पाणी वाफ करून सोडत राहते आणि उष्णता काही काळ अडवून धरते.

पण जिप्सम पाण्यात थोडे थोडे विरघळते. म्हणून न्हाणीघर, बाहेरची भिंत, गळक्या गच्चीखालची खोली इथे ते लावू नये. कोकणात तर पावसाळ्यात आधी ओल कुठून येते ते शोधावे, मग गिलाव्याचे ठरवावे. आणखी एक: घमेल्यातला माल घट्ट व्हायला लागला, की त्यात पुन्हा पाणी घालून ढवळायचा मोह होतो. तसा माल लावला, तर पुढे पोपडे निघतात. एका वेळी लागेल तेवढाच माल कालवावा.

छताकडे वळू. जिप्सम बोर्डाचे फॉल्स सिलिंग वायरी झाकते आणि खोली नीटस दिसते. पण पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगायचा, सिलिंगच्या चॅनेलला कधीही नाही. वरच्या मजल्याच्या नळाची गळती आधी थांबवायची. नाहीतर बोर्ड पाणी पीत राहतो आणि एके दिवशी खाली येतो. ओलसर जागी साध्या बोर्डाऐवजी ओल सोसणारा किंवा सिमेंटचा बोर्ड घ्यावा. स्वस्त म्हणून पीव्हीसीचे पॅनेल लावताना लक्षात ठेवा, की ते जळताना घशाला आणि फुप्फुसांना घातक असा आम्लाचा धूर सोडतात. जिथून बाहेर पडायचे, त्या जिन्यात आणि पॅसेजमध्ये ते नकोतच.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. ब्लॉक आणि सिमेंट बोर्ड कटरने कापताना जी पांढरी धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. ती श्वासावाटे आत गेली, की फुप्फुसात कायमची बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. कापणारा मुलगा तोंडाला नुसता रुमाल बांधून दिवसभर त्या धुळीत उभा असतो. रुमालाने ती धूळ अडत नाही. पाणी मारत कापणे आणि योग्य मास्क देणे याचा खर्च एका खोलीच्या रंगाहूनही कमी येतो. तो खर्च घराच्या अंदाजपत्रकात आपण स्वतः घालायला हवा.

घर बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे. ठेकेदाराला तीन प्रश्न विचारा: ब्लॉक भारतीय मानक 2185 च्या तिसऱ्या भागाप्रमाणे आहे का, जोडायला कोणता माल वापरणार, आणि हे काम आधी केलेला गवंडी कोण आहे? साहित्य विकणाऱ्या कंपन्यांनी आणि आयटीआयने तालुक्याच्या गावी गवंड्यांचे वर्ग भरवावेत, आणि त्या दिवसांची मजुरीही द्यावी, कारण रोजंदारी बुडवून कोणी शिकायला येऊ शकत नाही. नव्या साहित्यावर आपण लाखो रुपये खर्च करतो. त्यातला थोडा हिस्सा ते हाताळणाऱ्या माणसाच्या शिक्षणावर आणि आरोग्यावर खर्च झाला, तर आपली घरे टिकतील आणि ती बांधणारी माणसेही.