वीज गेली तरी नोंद राहावी



2006 च्या पूर्वार्धात पुणे शहर भारनियमनाने त्रस्त झाले होते. उद्योगांनी आपली जनित्रे चालवून सुमारे 90 मेगावॅट वीज शहरासाठी मोकळी करावी व त्याचा जादा खर्च ग्राहकांनी सोसावा, अशी योजना पुढे आली. वीज नियामक आयोगाच्या संमतीने ती त्याच वर्षी जूनमध्ये अंमलात आली आणि शहराचे भारनियमन थांबले. तथापि अकस्मात वीज जाण्याचा धोका कोठेही पूर्णपणे टळत नाही. गेलेला दिवा पुन्हा लागतो. संगणकातील दप्तर मात्र जसेच्या तसे परत मिळेलच, असे नाही.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. लिपिकाने टंकलिखित केलेली नोंद प्रथम तात्पुरत्या स्मृतीत राहते. ती जतन करण्याची आज्ञा दिल्यावरही तबकडीवर उतरण्यास काही क्षण लागू शकतात. शिवाय तेथे मजकूर, त्याच्या जागेची सूची आणि मोकळ्या जागेचा हिशेब, अशा अनेक नोंदी कराव्या लागतात. त्यांतील एखादीच पुरी झाली असता वीज गेली, तर मेळ बिघडतो. फाइलीचे नाव उरते, पण मजकूर सापडत नाही.

यावरील उपाय जमाखर्चाच्या जुन्या पद्धतीसारखाच आहे. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहावा, मग खतावणीत न्यावा. खतावणी अपुरी राहिली तरी कीर्दीवरून ती पुरी करता येते. 1993 मध्ये आलेली 'एनटीएफएस' आणि 2001 मध्ये लिनक्समध्ये समाविष्ट झालेली 'ईएक्सटी-3' या प्रणाली अशीच कीर्द ठेवतात. संगणक पुन्हा सुरू होताच अर्धवट कामे पुरी केली जातात अथवा रद्द होतात. परंतु ही कीर्द प्रामुख्याने तबकडीची मांडणी सावरते. जतन न केलेली नोंद ती परत देत नाही. पेन ड्राइव्हवर तर बहुधा अशी कीर्दही नसते.

म्हणून यूपीएसमुळे मिळणारी थोडी मिनिटे काम पुढे रेटण्यासाठी नसून संगणक रीतसर बंद करण्यासाठी आहेत, हे कर्मचाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. संगणक अचानक बंद पडल्यास नवी नोंद करण्यापूर्वी तबकडीची तपासणी करावी. दररोजची एक प्रत अन्य ठिकाणी ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. जन्माच्या दाखल्यासाठी दाराशी आलेल्या ग्रामस्थाला 'वीज गेली होती' हे उत्तर पुरेसे नाही.