कळ, ठणका आणि जनुके
(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



आईला इथल्या डॉक्टरकडे नेले की तो विचारतो, "दुखणे एक ते दहात किती?" ती म्हणते, "ठणका नाही रे, कळ येते." आपण 'पेन' एवढेच सांगून मोकळे होतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेलझॅक यांनी मात्र असल्या शब्दांना मान दिला. रुग्ण वापरतात त्या शब्दांवर आधारलेली त्यांची वेदनेची प्रश्नावली १९७५ साली प्रसिद्ध झाली.

आता त्या शब्दांमागच्या पेशी वाचता येऊ लागल्या आहेत. त्वचेतून, सांध्यांतून संवेदना आणणाऱ्या मज्जापेशी कण्यालगतच्या छोट्या गाठींत असतात. जनुके सर्व पेशींत जवळपास तीच. पण कोणत्या पेशीत कोणती चालू आहेत, हे आरएनएचा क्रम वाचून कळते. त्यावरून स्पर्शाच्या, खाजेच्या, वेदनेच्या पेशी वेगळ्या ओळखता येतात.

एका जनुकाने किती फरक पडतो? पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालून दाखवी. आपल्याकडे त्याला कुणी बाबा केले असते! चौदावे वर्ष लागण्याआधीच छतावरून उडी मारून तो गेला. २००६ साली त्याच्या नातेवाइकांच्या तपासणीत एससीएन९ए या जनुकातला दोष सापडला. पुढच्याच वर्षी व्हँकुव्हरजवळच्या झेनॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी न्यूफाउंडलंडसह अनेक ठिकाणच्या कुटुंबांत तेच दाखवले. म्हणजे वेदना हा पूर्वजन्मीचा भोग नव्हे, आणि वेदना नसणे ही सिद्धीही नव्हे.

मग औषध का निघाले नाही? या जनुकावर बेतलेली अनेक औषधे चाचण्यांत अपुरी पडली. एक अडचण अशी की बरेचसे ज्ञान उंदरांवरचे होते. मिरचीची आग ओळखणारे जनुक उंदरात वेदनापेशींच्या काही गटांतच चालू असते, माणसात जवळजवळ सगळ्याच गटांत. शिवाय प्रयोगात बहुधा नर उंदीरच! मॅकगिल आणि टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवले की जुनाट वेदनेत नर आणि मादी उंदरांत वेगवेगळ्या पेशी काम करतात. "बायकांचे दुखणे मनाचे असते" म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. २०१६ ते २०२४ या काळात कॅनडात अफूवर्गीय द्रव्यांनी ५० हजारांहून अधिक माणसे दगावली. व्यसन न लावणारे वेदनाशामक हवेच आहे. संवेदक पेशींतल्याच दुसऱ्या एका सोडियम-मार्गावर काम करणाऱ्या सुझेट्रिजिन या औषधाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत तीव्र, तात्पुरत्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. सुरुवात झाली आहे, एवढेच.

माणसाच्या या गाठी मुख्यतः अवयवदात्यांकडून मिळतात. आपण मूत्रपिंडाची, डोळ्यांची चर्चा करतो, पण "देह अपुरा गेला तर गती मिळणार नाही" म्हणून घरचे अडतात. तेव्हा नोंदणी करा, संशोधनाच्या संमतीबद्दल विचारा, आणि मुख्य म्हणजे आजच जेवताना घरच्यांना सांगा. आणि पुढच्या खेपेला डॉक्टरकडे आईची 'कळ' कळच म्हणून पोचवा.