अगोरातली रात्र आणि आमच्या घरची कॅसेट

आज थोडा वेगळा विषय घेतोय. दर रविवारी आपण नाट्यसंगीत, भावगीतं ऐकतो, आज मात्र रॉकबद्दल बोलणार आहे. "यात आपलं काय?" असं काकू लोक विचारतीलच. दहा मिनिटं द्या, मग विचारा.

ईशान्य ओहायोत राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी क्लीव्हलंडचं रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम पाहिलंय. भारतातून आई-बाबा आले की नायगारा आणि हे म्युझियम, ठरलेलंच. पण या शहरातली माझी आवडती जागा आज जागेवर नाही. ईस्ट 24व्या रस्त्यावर 'अगोरा' नावाचा एक हॉल होता. 1984 साली तो आगीत गेला आणि पुढे अगोरा युक्लिड ॲव्हेन्यूवर हलला. त्या जुन्या हॉलमध्ये 9 ऑगस्ट 1978 ला ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्याचा ई स्ट्रीट बँड वाजवायला उभा राहिला. डब्ल्यूएमएमएस या इथल्या एफएम स्टेशनचा दहावा वाढदिवस होता. कार्यक्रम श्रोत्यांसाठी फुकट होता आणि तिथूनच थेट रेडिओवर गेला, क्लीव्हलंडसह आजूबाजूच्या राज्यांतल्या इतर स्टेशनांवरसुद्धा.

स्प्रिंगस्टीन तेव्हा 28 वर्षांचा होता. 1975 च्या 'बॉर्न टू रन'नं तो एकदम मोठा झाला, आणि लगेच जुन्या मॅनेजरशी कोर्टकचेरी सुरू झाली. जवळजवळ वर्षभर त्याला हव्या त्या माणसाबरोबर रेकॉर्डिंग करता येईना. मे 1977 मध्ये तडजोड झाली आणि 'डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन' जून 1978 मध्ये बाजारात आली. मधली तीन वर्षं लोक विसरतील ही भीती. अशा माणसाला तुम्ही माईक आणि ट्रान्समीटर दिलात तर तो कसा गाईल? अगोराचं रेकॉर्डिंग ऐका, कळेल.

शहराची अवस्थाही बघा. पोलादाचं गाव, कारखाने मंदावलेले. कार्यक्रमानंतर चारच दिवसांनी महापौर डेनिस कुसिनिच यांना परत बोलावण्यासाठी मतदान होतं, त्यात ते 236 मतांनी वाचले. डिसेंबरात शहरानं बँकांचं कर्ज थकवलं. अशा गावात तो 'फॅक्टरी' गातो, रोज शिटी वाजल्यावर कामाला जाणाऱ्या बापाचं गाणं. समोर बसलेल्या कितीतरी पोरांचे बाप सकाळी तिथेच जाणार होते.

त्या दौऱ्यात स्प्रिंगस्टीनचे पाच कार्यक्रम रेडिओवरून थेट गेले. लॉस एंजेलिस, क्लीव्हलंड, न्यू जर्सीतलं पसेइक, अटलांटा आणि सॅन फ्रान्सिस्को. मी एमबीए करताना शिकलो की जो माल विकायचा तो फुकट वाटू नये. इथं रेकॉर्ड कंपनी नवी रेकॉर्ड विकत होती आणि गायक तीन तास हवेत उधळत होता. शिवाय दुकानात न मिळणारी गाणीही देत होता. 'बिकॉज द नाइट' त्या वर्षी पॅटी स्मिथच्या आवाजात गाजलं. स्प्रिंगस्टीनच्या आवाजात ते अधिकृतपणे मिळायला 1986 उजाडलं. 'फायर'चंही तसंच. म्हणजे आठ वर्षं ही गाणी त्याच्या आवाजात ऐकायची तर कुणाची तरी कॅसेट मागून आणणे हाच मार्ग. आमच्या पुस्तकांत या धंद्याला नाव नव्हतं, पण त्यामुळे गिऱ्हाईक जन्मभर टिकलं एवढं खरं.

मला ही कॅसेट एका सहकाऱ्यानं ऐकवली. मी इथं नवा होतो, डिसेंबर महिना, क्लायंटकडे जायला बर्फातून पाऊण तासाचा रस्ता, आणि गाडी त्याची. 1978 मध्ये तो शाळेत होता. त्यानं घरच्या डेकवर नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटवर सगळं उतरवून घेतलेलं. 'प्रूव्ह इट ऑल नाइट'च्या आधी पियानो सुरू होतो, मग गिटार त्याच्यावर चढत जाते आणि गाणं सुरूच होत नाही. आपल्याकडे आलापीत समेची वाट बघतो ना, तसंच. मी पहिल्यांदा मान हलवली ती तिथं. पुढे 'रेसिंग इन द स्ट्रीट' आलं, आणि ऐन मध्यात खट्! बाजू संपली. सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं घाईघाईत कॅसेट उलटली, तेवढ्या ओळी गेल्या त्या गेल्याच.

2014 च्या डिसेंबरमध्ये हा कार्यक्रम अधिकृतपणे निघाला. स्वच्छ, अखंड. मी हौसेनं त्याला पाठवला. तो म्हणाला, छान आहे, पण ते खट् येत नाही तेव्हा दचकायला होतं. मी हसलो होतो तेव्हा.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे हसलो ते कसं अंगाशी आलं ते कळेल. माझे बाबा आकाशवाणीवरच्या मैफली टेप करायचे. टू-इन-वन पंख्यापासून लांब, आम्हा पोरांना बोलायची बंदी. पाच वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर मी त्यातली एक कॅसेट इथं आणली. तिच्यात मारव्याच्या मध्येच आईचा आवाज होता, "अहो, दूध ऊतू चाललंय," आणि बाबांचं "श्श!" एवढंच. बाबांचा आवाज रेकॉर्ड झालेली आमच्याकडची ती एकच जागा.

मी आयटीवाला. कॅसेट संगणकावर घेतली, सॉफ्टवेअरला सांगितलं की खरखर काढ. त्यानं काढली. दूध गेलं, आई पुसट झाली आणि 'श्श' तर खरखरीसारखंच असतं, ते पूर्ण गेलं. हे माझ्या लक्षात आलं तोवर तीन आठवडे झाले होते. मूळ फाइल मी जागा होत नाही म्हणून पुसली होती आणि कॅसेट कचऱ्यात गेली होती. लोकांना बॅकअप घ्यायला सांगून मी पोट भरतो, मंडळी. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे रे, माझ्या कानात आहे." तिच्या कानात आहे. माझ्या मुलीनं आजोबांचा आवाज आता कुठून ऐकायचा?

म्हणून आज अगोरा. त्या कॅसेटांत स्टेशनचा निवेदक किड लिओ बोलतो, लोक ओरडतात, कुणाच्या तरी घरची बाजू उलटते. 'समरटाइम ब्लूज'नं सुरुवात, 'ट्विस्ट अँड शाउट'नं शेवट, आणि मधे क्लॅरेन्स क्लेमन्सचा सॅक्सोफोन. क्लेमन्स 2011 मध्ये गेला, ऑर्गनवाला डॅनी फेडेरिची त्याच्या तीन वर्षं आधी.

हक्कांमुळे आपल्याला इथं त्यातलं काही वाजवता येत नाही. अधिकृत रेकॉर्डिंग विकत मिळतं, गाडीत मोठ्या आवाजात लावा, 'प्रूव्ह इट'पर्यंत तरी थांबा.

आणि एक विनंती. घरात, माळ्यावर, पुण्या-नाशिकच्या कपाटात कॅसेटी असतील तर गणपतीच्या कार्यक्रमाला घेऊन या. माझ्याकडे चालू स्थितीतला डेक आहे. खरखरीसकट उतरवून देईन, आणि कॅसेट तुमची तुम्हाला परत.