कागद आणि कसब



तुडीलच्या एका कामगाराचा मुलगा लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकतो. पदवीबरोबरच त्याने सिस्को कंपनीची सीसीएनए परीक्षा धरली. संगणकांची जाळी जोडणाऱ्यांची ही परीक्षा. वेळ 120 मिनिटे, फी 300 डॉलर. म्हणजे बापाचा महिन्याचा पगारच! आणि प्रमाणपत्राची मुदत अवघी 3 वर्षे. नापास झालो तर, या धास्तीने तो फुटलेल्या प्रश्नांची चोपडी घ्यायला निघाला होता. आमची शाळा चौथीत सुटली. आम्ही काय सांगणार? तरी म्हटले, "बाबा रे, उत्तरे घोकून लेथ चालत नाही."

मग त्याने पॅकेट ट्रेसर हे फुकट मिळणारे साधन घेतले. त्यात पडद्यावरच जाळे जोडावे, बिघडवावे, पुन्हा दुरुस्त करावे. 256 पत्त्यांचे चार सारखे भाग केले, की प्रत्येकात 64. पैकी पहिला त्या भागाची ओळख म्हणून राखायचा, शेवटचा सर्वांना एकदम हाक देण्यासाठी. यंत्रांना उरतात 62. हे त्याने आम्हांला कागदावर समजावले, तेव्हा आमची खात्री पटली.

राहता राहिली फी. महागाईभत्त्यासाठी आम्ही भांडतो, तसे कामगारांच्या मुलांच्या या फीसाठीही मालकाशी भांडावे काय? आमच्या सभेत यावर अजून एकमत नाही. आम्ही म्हणतो, भांडावे.